श्रीमंतांवर 'मालमत्ता कर' का 'संपत्ती कर'? आणि आपला घरफाळा त्यात कुठं बसतो?

गल्लीतल्या एका पोरीनं विचारलंय, तिचा प्रश्न थोडक्यात असा: "काका, कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे, विषय 'अतिश्रीमंतांवरचा कर वाढवावा का'. भाषण घरी वाचून दाखवत होते, त्यात 'फ्रान्समध्ये अब्जाधीशांवरच्या मालमत्ता करावरून वाद' असं वाक्य आलं तर आजोबा म्हणाले आता आपला घरफाळा वाढणार काय? बरोबर शब्द कुठला? आणि कर लावतात, बसवतात का लादतात?"

पहिलं म्हणजे आजोबांना हसू नकोस, आजोबांचं बरोबर आहे आणि तुझं वाक्य चुकलंय.

मालमत्ता कर हा शब्द मराठीत आधीच कामाला लागलेला आहे. मुंबईत घराच्या बिलावर मालमत्ता कर, पुण्यात त्याचाच मिळकतकर, खेड्यात ग्रामपंचायतीची घरपट्टी आणि आपल्याकडं कोल्हापुरात घरफाळा. नावं चार, भानगड एकच. त्यामुळं अतिश्रीमंतांवर मालमत्ता कर असं म्हटलं की मिरजकर तिकटीला चहा पीत पेपर वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यापुढं फ्रान्सचा अब्जाधीश येतच नाही, त्याला स्वतःचं दोन खोल्यांचं घर दिसतं आणि कपाटातलं बिल आठवतं. तुला जो म्हणायचाय त्याला संपत्ती कर म्हण. आपल्या देशात १९५७ साली ह्या कराचा कायदा झाला तेव्हापासून मराठीत हाच शब्द चालत आलाय, नवीन काही शोधायची गरज नाही.

आता फरक नुसता नावाचा नाही, हिशोबाचा आहे. घरफाळा बघतो घराकडं. ते घर कर्ज काढून बांधलंय का रोख, मालकाच्या डोक्यावर सोसायटीचं देणं किती, ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. संपत्ती कर माणसाकडं बघतो, म्हणजे त्याचं सगळं मिळून किती, त्यातनं कर्ज वजा करा, उरलं ते निव्वळ, आणि ते एका मर्यादेच्या वर गेलं तरच कर. फ्रान्सचा जो वाद तू वाचलास तो बहुतेक गाब्रिएल झुकमान ह्या अर्थतज्ज्ञाच्या प्रस्तावाचा असणार. १० कोटी युरोच्या वर संपत्ती असलेल्यांनी दरवर्षी त्या संपत्तीच्या निदान २ टक्के तरी कर भरावा असा तो प्रस्ताव, फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या खालच्या सभागृहानं मंजूर केला आणि जूनमध्ये सिनेटनं फेटाळला. १० कोटी युरो! आजोबांनी निवांत झोपावं.

आपला १९५७ चा कायदा निकोलस कॅल्डॉर ह्या इंग्लंडातल्या अर्थशास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून आलेला. शेवटी शेवटी तो ३० लाखाच्या वरच्या निव्वळ संपत्तीवर १ टक्का असा होता. पण संपत्ती म्हणजे काय ह्याची त्या कायद्यातली व्याख्या बघितली की मजा वाटते, कारण १९९३ पासून त्यात दागिने होते, गाड्या होत्या, शहरातली मोकळी जागा होती, बोटी नि विमानं होती, पण शेअर नव्हते आणि शेतजमीन पण नव्हती. म्हणजे गुजरीतल्या सराफाकडं घडवलेला साज नि तोडे तिजोरीत असले तर ते मोजायचे, आणि कोटीभराचे शेअर कागदावर असले तर ते संपत्तीच नव्हेत. शब्दकोशातली संपत्ती एक आणि कायद्यातली भलतीच. २०१३-१४ ह्या वर्षाची देशभरातली वसुली सगळी मिळून १,००८ कोटी, म्हणून खर्चाच्या मानानं परवडत नाही असं सांगून अरुण जेटलींनी २०१५ च्या बजेटमध्ये तो बंदच केला आणि त्याच्या जागी १ कोटीच्या वर उत्पन्न असणाऱ्यांना २ टक्के जादा अधिभार, म्हणजे करावरचा कर, लावला. कराच्या विरोधातली पार्टी हा आकडा काढणारच, ध्यानात ठेव. उलटं उत्तर पण त्यातच आहे, शेअर वगळल्यावर वसुली कमी येणार नाहीतर काय.

गंमत बघ, मालमत्ता हा शब्द अरबी-फारसीतनं आलाय, माल आणि मताअ, म्हणजे सामानसुमान. मूळ शब्दात उचलून नेता येईल असल्या वस्तूच जास्त, आणि आज आपण तो जागेवरनं न हलणाऱ्या घराला वापरतो. पूर्ण उलटा फिरला.

वारसा कराचंही असंच. २०२४ च्या निवडणुकीत ह्या शब्दावरनं लई धुरळा उडाला होता, पण खरं सांगायचं तर मला तो शब्दच खटकतो. वारसा म्हटलं की आजकाल हेरिटेज आठवतं, पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेल्यापासून तर जास्तच, त्यामुळं वारसा कर म्हणजे गडावरचं तिकीट वाटायची शक्यता. वारसकर म्हटलं तर सरळ कळंल, तलाठ्याकडं आपण वारस नोंदच म्हणतो की. आणि भारतात १९५३ ते १९८५ जो होता तो मेलेल्या माणसाच्या एकूण इस्टेटीवर होता, वारसाला मिळालेल्या वाट्यावर नव्हे, म्हणून त्याला मृत्यूकर म्हणायचे, व्ही. पी. सिंगांनी अर्थमंत्री असताना तो काढून टाकला. दोन्ही गोष्टी एका नावाखाली ढकलू नकोस.

आता क्रियापद. ह्यात खरं राजकारण आहे.

लावणे हे साधं, कुणाच्याच बाजूचं नाही. बसवणे जरा जुनं, दप्तरातलं, 'पट्टी बसवली' असं. आकारणे सरकारी, पण त्याचं मूळ घरातच बघ, सातबाऱ्यावर 'आकार' म्हणून रुपये-पैशात जो बारीक आकडा असतो तो म्हणजे त्या जमिनीला लावलेला सारा. आणि लादणे म्हणजे गाढवाच्या पाठीवर ओझं. कर लादला असं जो म्हणाला त्यानं आपलं मत सांगून टाकलं, पुढं भाषण ऐकलं नाही तरी चालतंय. आपल्याच देशात १९७३-७४ ला वरच्या टप्प्याचा आयकर अधिभार धरून ९७.७५ टक्के होता, तिथं लादणे शोभतं म्हणा. पण २ टक्क्याला सुद्धा लादणेच वापरत असतील तर जरा थांबून बघावं कोण बोलतंय ते. अधिभार ह्या शब्दात पण भार आहेच आणि तो सरकारनं स्वतःच ठेवलाय, त्याला काय करणार. कर कमी झाला की पेपरात 'दिलासा' येतो, २०२५ च्या बजेटला १२ लाखापर्यंतच्या उत्पन्नावरचा आयकर माफ झाला तेव्हा सगळीकडं तेच. दिलासा द्यायचा तो दुखणाईताला, म्हणजे कर हे दुखणं असं आपोआप ठरूनच गेलं.

कराच्या बाजूनं बोलणारे मग 'वाटा उचला', 'हिस्सा द्या' म्हणतात. इथं आपला घरफाळा मला लई आवडतो. फाळणी, फाळा ही एका घरातली माणसं, फाळा म्हणजे वाटून ज्याच्या त्याच्या अंगावर आलेला हिस्सा. तालमीची वर्गणी ठरते तशी, ऐपतीप्रमाणं. ऐपत हा शब्द भाषणात वापरच, 'कर भरण्याची क्षमता' असल्या लाकडी शब्दापेक्षा पोचतो.

अजून एक, तुझ्या कागदावर 'पुरोगामी करप्रणाली' लिहिलंय ते खोड. उत्पन्न वाढंल तसा दर चढतो तो प्रगामी किंवा प्रगतिशील कर, मला विचारशील तर चढता कर. पुरोगामी म्हटलंस तर कोल्हापुरात लोक शाहू महाराजांचं नाव येणार म्हणून टाळ्या वाजवायला हात वर करतील. आणि 'श्रीमंतांवर कर' हे पण इथं जपून, आपल्याकडं श्रीमंत हे राजघराण्याच्या नावापुढं लावतात. अतिश्रीमंत किंवा धनाढ्य म्हण. धनदांडगे नको, त्यात शिवी आहे.

तर वाक्य असं कर: 'फ्रान्समध्ये अतिश्रीमंतांवर संपत्ती कर लावण्यावरून वाद.' कुठल्या बाजूनं बोलणार ते तू लिहिलं नाहीस. विरोधात असशील तर लादणे बिनधास्त वापर, पण मग समोरच्या पोरीनं फाळा काढला तर माझ्याकडं तक्रार आणू नकोस.