जुनी फियाट घेण्याआधी

१९६० च्या दशकातली फियाट ११०० डिलाइट घ्यायचीच ठरवली आहेस, तर रंग आणि क्रोम नंतर बघ, आधी गाडीखाली शीर. हिला वेगळा सांगाडा नाही, सगळा भार बॉडीच्या पत्र्यावरच. म्हणून फ्लोअर किंवा दाराखालचा पत्रा कुजला असेल तर गाडी कितीही चमकू दे, नाद सोड. खिशात लोहचुंबक ठेव. ते चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली असते. डिकीचं मॅट उचलूनच बघ, मालक नाराज झाला तरी चालेल.

इंजिनाची धास्ती घेऊ नकोस. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून नंतर आलेल्या पद्मिनी गाडीचं १०८९ सीसीचं इंजिन याच घराण्यातलं, त्यामुळे जाणता मेकॅनिक आणि बरेचसे पार्ट अजून मिळतात. मिळत नाहीत त्या दिव्यांच्या रिंगा, बाजूच्या पट्ट्या, मूळ हँडल. तेवढं शाबूत असेल तर दोन पैसे जास्त मोज, मी तर आनंदाने मोजेन.

आरसी बुकातला चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून घे, एजंटच्या शब्दावर जाऊ नकोस. आणि चालवताना लक्षात ठेव, चारही चाकांना जुन्या धाटणीचे ड्रम ब्रेक आहेत, ओले झाले की पकड ढिली पडते. पावसात पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेव.