एसीचं कोटेशन आलं, पण ताज्या हवेचं बिल कोण भरणार?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: "जालना जिल्ह्यात राहतो. वडील एसटीतून निवृत्त झाले, त्यांचे ९ लाख मुदत ठेवीत आहेत. बटण मशरूमसाठी वातानुकूलित खोलीचं ८ लाख ४० हजारांचं कोटेशन आलंय. ३ लाख ४० हजार ठेवीतून, ५ लाख कर्ज, ११ टक्क्यांनी ५ वर्षं. विक्रेता म्हणतो, महिन्याला ३०० किलो माल, १२० रुपये भाव. ठेव मोडू का?"

मोडू नका. या कोटेशनसाठी तर नाहीच.

तुम्ही पाठवलेला कागद मी दोनदा वाचला. पॅनेल आहेत, दोन टनांचे दोन एसी आहेत, ह्युमिडिफायर आहे, रॅक आहेत. बाहेरची हवा आत घेणारा पंखा आणि डक्ट मात्र कुठेच नाही. घरगुती एसी आतलीच हवा फिरवून गार करतो, आणि मशरूम तर आपल्यासारखाच श्वास घेतो. बीज कंपोस्टमध्ये पसरत असतं तेव्हा कार्बन डायऑक्साइड १० हजार पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत १० हजार भाग) गेला तरी बिघडत नाही. पण कळ्या धरताना तो साधारण १००० च्या आत आणावा लागतो. नाहीतर देठ लांबतो, टोपी बारीक राहते आणि व्यापारी भाव पाडतो.

हा वायू कमी करायचा तर बाहेरची हवा घ्यायलाच हवी. मे महिन्यात आपल्याकडे ती ४२ अंशांची, वर भट्टीसारखी कोरडी. खोलीत मात्र १४ ते १८ अंश आणि ८५ ते ९० टक्के ओलावा लागतो. (घरगुती एसीचा रिमोट १६ च्या खाली सहसा जातच नाही, हेही विक्रेत्याने सांगितलेलं दिसत नाही.) हवा बदलली की दर वेळी ती नव्याने गार करायची, नव्याने ओली करायची. त्यात एसी हवेतलं पाणी काढून नळीवाटे बाहेर टाकतो आणि ह्युमिडिफायर पुन्हा पाणी आत फवारतो. दोघांचं भांडण, बिल तुमच्या नावावर.

आता हिशेब. प्रत्येक एसी तासाला २ युनिट, दिवसाला १८ तास चालला असं धरू. महिन्याचे २,१६० युनिट. ९ रुपये दर धरला तर १९,४४० रुपये. कर्जाचा हप्ता सुमारे १०,८७०. विक्रेत्याचेच ३०० किलो खरे मानले तरी हाती ३६,००० येतात, म्हणजे उरले ५,७०० च्या आसपास. १०० किलो कंपोस्टला १५ ते २० किलो मशरूम निघतो, तेव्हा ३०० किलोंसाठी दीड-दोन टन कंपोस्ट लागेल. ते, बीज, मजुरी, डिझेल सगळं या ५,७०० मध्ये बसवायचं? लाइट गेली तर इन्व्हर्टरवर एसी ओढत नाहीत, म्हणून डिझेल धरलंय.

विक्रेत्याने तुमचा माल विकत घेण्याची हमी भाव आणि मुदतीसह लेखी दिली नसेल, तर ती धरूच नका.

त्यापेक्षा धिंगरी (ऑयस्टर) मशरूम करा. तिला २० ते ३० अंश चालतात, म्हणजे पोळ्यापासून महाशिवरात्रीपर्यंत एसीची गरज नाही. घरचं सोयाबीनचं भुसकट निर्जंतुक करून वापरा. भिंतींना ओलं गोणपाट, खाली वाळू, वर-खाली जाळीच्या खिडक्या आणि एक एक्झॉस्ट पंखा. खर्च ६०,००० च्या आत ठेवा, त्यात कार्बन डायऑक्साइड आणि आर्द्रता दाखवणारं मीटर नक्की घ्या. विकला न गेलेला माल उन्हात वाळवता येतो. १० किलोचा साधारण १ किलो होतो, पण महिनोन्‌महिने टिकतो. परभणीच्या कृषी विद्यापीठात प्रशिक्षणाची चौकशी करा. आणि खोली घराला लागून नको, धिंगरीच्या बीजाणूंनी खोकला धरतो. तोडणीला मास्क लावा.

ही रक्कमही ठेवीतून नको, पगारातून साठवा. वडिलांचे पैसे त्यांच्या दवाखान्यासाठी आहेत.

दोन हंगामांची वही लिहा: किती भुसकट, किती माल, किती फेकला, पैसे किती दिवसांनी आले. त्यानंतरही बटणच करायचं असेल तर ती वही आणि ताज्या हवेची सोय असलेलं नवं कोटेशन, दोन्ही पाठवा. तेव्हा कर्जाचं बोलू.