बांधीत सापडलेले कासव पाळावे का?

प्रश्न : पहिल्या पावसानंतर आमच्या धानाच्या बांधीत मुलाला वीतभर कासव सापडले. टबात ठेवून भात घातला, तर ते तोंड लावत नाही. पाठीची कडही मऊ लागते. प्रथमच पाळत आहोत, काय काळजी घ्यावी? – एक वाचक, जि. भंडारा

उत्तर : मऊ कड हा आजार नसावा. कासवाला हलकेच उचलून पाहा; मागचे पाय आत घेताच पोटाकडच्या कातडी झडपांनी ते झाकले जात असतील, तर हे आपल्या बोड्या-तलावांतले झडपांचे कासव आहे, ज्याची कड मुळातच मऊ असते, जे उन्हाळाभर चिखलात गाडून घेते, पाऊस पडताच बाहेर येते आणि गोगलगायी, मासे, बेडूक खाते. भाताला ते तोंड लावणार नाही, यात नवल नाही. मात्र 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते संरक्षित असल्याने पाळताच येत नाही. बाजारात मिळणारे, पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असलेले कासवही पाळता येत नाही. कासवाने घरात लक्ष्मी येते असे म्हणणाऱ्यांना देवळातले दगडी कासव दाखवावे. टब सावलीत ठेवा, त्यात ओले पोते अंथरा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. लांबच्या तलावात परस्पर सोडू नका.