किती फसले, त्याहून का फसले

प्रिय विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रस्ताव वाचला. पासवर्ड चोरायला भामटे पाठवतात तशी खोटी मेल (‘फिशिंग’) वर्गातल्या मुलांना पाठवायची, किती जण लिंक दाबतात ते मोजायचं आणि ‘जागृतीची नितांत गरज आहे’ असं लिहून मोकळं व्हायचं. निष्कर्ष प्रयोगाआधीच तयार आहे, माझी तक्रार तीच.

इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात संशोधकांनी २९७ पेन ड्राइव्ह मुद्दाम टाकून ठेवले होते. तो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. निदान ४५ टक्के ड्राइव्हमधल्या फाइली कुणीतरी उघडल्याच. आकडा घेऊन ते थांबले असते तर ‘लोक बेफिकीर असतात’ एवढंच हाती लागलं असतं. पण त्यांनी कारणही विचारलं. उत्तर देणाऱ्यांपैकी ६८ टक्के म्हणाले, ज्याचा त्याला परत करायचा होता. अशा ड्राइव्हमधून कॉम्प्युटरमध्ये घुसू पाहणाऱ्या हल्लेखोराच्या कामी येते ती अशी मदतीची सवय. तिच्यावर जागृतीचं भिंतीवरचं पोस्टर काय करणार?

आता परवानगीचं. इंडियाना विद्यापीठात विद्यार्थ्यांवर तुझ्यासारखाच खोट्या मेलचा प्रयोग झाला, २००७ मध्ये छापून आला. अनोळखी नावाने आलेल्या मेलला १६ टक्के फसले, मित्राच्या नावाने आलेल्या मेलला ७२ टक्के. माणसांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या नीतिसमितीची मंजुरी होती, तरी खरं कळल्यावर अनेक जण संतापले. ज्यांची नावं वापरली तेही नकळत प्रयोगात ओढले गेले होते. तेव्हा ‘आपलेच तर मित्र आहेत’ ही सबब समितीपुढे चालणार नाही, माझ्यापुढेही नाही. कुणाचाही पासवर्ड साठवायचा नाही. लिंक उघडली एवढी नोंद पुरे. शिष्यवृत्ती, निकाल, आजारपण ही आमिषं नकोत. चाचणी संपली की सगळ्यांना सांगायचं, आणि ज्याला आपली नोंद नको असेल त्याची काढून टाकायची.

राहिली जागृती. झुरिकच्या ईटीएच संस्थेच्या संशोधकांनी एका कंपनीतल्या १४ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांवर १५ महिने खोट्या मेलची चाचणी घेतली. निबंध २०२२ चा. फसलेल्याला लगेच प्रशिक्षणाचं पान दाखवल्याने तो पुढे सावध झाला नाही, उलट अशी माणसं जास्तच फसली. उपयोग झाला तो संशयास्पद मेल कळवायच्या बटणाचा. कर्मचाऱ्यांनीच नव्या हल्ल्यांचा सुगावा लवकर लावून दिला.

म्हणून तक्त्यात आणखी रकाने घाल: किती जणांनी कळवलं, किती मिनिटांत, कुणाला. ज्यांनी कळवलं नाही त्यांना शांतपणे विचार. लाज वाटली? कुणाला सांगायचं तेच ठाऊक नव्हतं? की ‘दुसऱ्या कुणी सांगितलं असेल’ असं वाटलं? मला या उत्तरांत जास्त रस आहे, आणि परीक्षकांनाही असेल असा माझा अंदाज आहे.

पुढच्या भेटीत प्रश्नावलीचा कच्चा मसुदा आण. मेलचा मजकूर त्यानंतर पाहू.

तुझा,
मार्गदर्शक