इंद्रायणी आणि कडा करपा

प्रश्न : कडा करपा या भाताच्या जिवाणूजन्य रोगाला दाद न देणारा इंद्रायणी हा भाताचा वाण घडवताना रोपांवर रोग सोडून थेट निवड का करत नाहीत? मार्कर (जनुक ओळखायची डीएनएमधली खूण) कशाला?
– एक भात उत्पादक, पौड (जि. पुणे)

उत्तर : कडा करप्याला रोखणाऱ्या जनुकांपैकी एक्सए२१ हे प्रभावी, त्याची एकच प्रत असली तरी रोप तग धरतं. एक्सए१३ मात्र अप्रभावी, म्हणजे दोन्ही प्रती असल्या तरच काम करणारं. इंद्रायणीशी पुन्हा संकर केला की त्याची एकच प्रत उतरते, रोप रोगट दिसतं आणि नेमकं हवं तेच उपटलं जातं. पानाच्या तुकड्यातल्या डीएनएवर पीसीआर (मार्करच्या असंख्य प्रती काढून तो दाखवणारी चाचणी) केल्यास ते रोपवाटिकेतच ओळखता येतं. स्वपरागीकरणानंतर दोन्ही जनुकांच्या जोडप्रती सरासरी सोळांत एकाच रोपात जमतात, म्हणून किमान १०० रोपं तपासावीत. पंचवीसांवर थांबणं धोक्याचं. तरीही शेवटी जिवाणूंच्या द्रावणात बुडवलेल्या कात्रीने पानांची टोकं कापून १४ दिवसांनी चट्ट्यांची लांबी मोजाच.