दुरुस्तीनंतर डिशच्या कंट्रोलरमध्ये जुनी सेटिंग्ज भरताना

प्रश्न : आमच्या केबल कंट्रोल रूमच्या गच्चीवर ३.६ मीटर व्यासाची, मोटारीने फिरणारी सी बँडची डिश आहे. तिला वरखाली करणारा जॅक अडकू लागल्यामुळे तो एन्कोडरसह (डिशचा कोन मोजणाऱ्या भागासह) बदलून घेतला. त्याआधी कंट्रोलरमधील सर्व सेटिंग्ज पेन ड्राइव्हवर घेतली होती आणि काम झाल्यावर तीच पुन्हा भरली. पडद्यावर ८३ अंश पूर्वेच्या उपग्रहासाठी पूर्वीचेच आकडे दिसतात, पण रिसीव्हरला सिग्नल मुळीच मिळत नाही. बॅकअपची फाइल खराब झाली असेल का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून फाइल खराब असावी असे वाटत नाही. ती जशीच्या तशी भरली गेली, आणि अडचण नेमकी तेथेच आहे. या फाइलमध्ये दोन वेगळ्या प्रकारची माहिती असते. उपग्रहांची स्थाने, आपल्या जागेचे अक्षांश-रेखांश, बीकनची (उपग्रहाकडून सतत येणाऱ्या ओळखीच्या सिग्नलची) वारंवारता यांचा यंत्राच्या सुट्या भागांशी संबंध नसतो, म्हणून ती जुन्या फाइलमधून निर्धास्तपणे घ्यावीत. एन्कोडरचा ऑफसेट (त्याच्या आकड्यात मिळवायची दुरुस्ती) आणि जॅकच्या वरच्या-खालच्या मर्यादा मात्र जुन्या एन्कोडरच्या बसवणीवरून ठरलेल्या होत्या. नवा एन्कोडर दांड्यावर बसवताना त्याचे शून्य पूर्वीच्याच जागी येणे जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे पडद्यावरचा आकडा बरोबर दिसतो आणि डिश मात्र भलतीकडे पाहत राहते.

लातूर शहर १८.४० अंश उत्तर व ७६.५८ अंश पूर्व येथे धरले, तर ८३ अंशांवरील जीसॅट-३० साठी उत्तरेपासून मोजलेला दिशाकोन सुमारे १६०.४ अंश आणि क्षितिजापासून मोजलेला उंचीकोन सुमारे ६७.२ अंश येतो. आपल्या मापाच्या डिशचा झोत सी बँडमध्ये जेमतेम दीड अंश रुंद असतो. म्हणजे उंचीकोनात दोन अंशांची चूक झाली तरी सिग्नल पूर्ण हरवतो. जागेचे आकडेही या निमित्ताने एकदा पडताळावेत. १८ अंश २४ मिनिटे म्हणजे १८.४० अंश; काही कंट्रोलर अंश-मिनिटे मागतात, काही दशांश, आणि घाईत १८.२४ भरले गेल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

पुढचे काम सुरू करण्यापूर्वी कंट्रोलर मॅन्युअलवर घ्यावा आणि डिशजवळ कोणी उभे नाही याची खात्री करावी, कारण सेटिंग्ज भरून यंत्र पुन्हा सुरू होताच काही कंट्रोलर शेवटी निवडलेल्या उपग्रहाकडे डिश आपोआप फिरवू लागतात. प्रथम बटण क्षणभरच दाबून जॅक योग्य दिशेने सरकतो का ते पाहावे. मोटारीच्या तारा उलट जोडल्या गेल्या असतील, तर वर जाण्याचा आदेश मिळालेली डिश खाली येते आणि आकड्यातील फरक वाढत जातो, तसतशी ती अधिकच जोराने चुकीच्या दिशेला जाते. मर्यादेचे स्विच हाताने दाबून मोटार थांबते याची खात्री झाल्याशिवाय लांबचा प्रवास करू देऊ नये.

दिशाकोनाचा भाग उघडलेला नसल्याने त्याचा जुना ऑफसेट तसाच ठेवावा. आता रिसीव्हर जीसॅट-३० च्या ओळखीच्या ट्रान्सपॉन्डरवर (उपग्रहावरील प्रक्षेपकावर) लावून डिश अगदी सावकाश वरखाली करावी. केवळ सिग्नलची पट्टी वाढली म्हणून थांबू नये, कारण तो शेजारच्या उपग्रहाचा असू शकतो. वाहिन्यांची नावे वाचून उपग्रह ओळखावा. समजा, सर्वांत चांगला सिग्नल पडद्यावर ६४.९ अंश असताना मिळाला, तर ऑफसेटमध्ये २.३ अंश मिळवावेत, म्हणजे तेथेच ६७.२ दिसेल. त्यानंतर वरच्या व खालच्या मर्यादा नव्याने ठरवाव्यात, कारण ऑफसेट बदलला की जुन्या मर्यादाही तेवढ्याच सरकतात. पुष्कळ ठिकाणी हेच राहून जाते आणि पुढे जॅक टोकाला आदळतो.

एकाच उपग्रहावर समाधान मानू नये, असा माझा आग्रह आहे. ९३.५ अंशांवरील जीसॅट-१७ आपल्याकडून १३६.१ अंश दिशाकोनावर व ६१ अंश उंचीकोनावर येतो. तेथेही हाच ऑफसेट लागू पडला, तर काम बिनचूक झाले. तेथे वेगळाच फरक निघाला, तर नव्या एन्कोडरचे प्रति अंश मोजमाप जुन्यापेक्षा निराळे आहे किंवा डिशचा खांब ओळंब्यात नाही, असे समजावे. ऑफसेट कितीही बदलला तरी हा दोष जाणार नाही.

आणखी एक पडताळणी फुकट मिळते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या व ऑक्टोबरच्या आरंभाच्या सुमारास सूर्य काही मिनिटे उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि प्रक्षेपण विस्कळीत होते. आपल्याकडे ८३ अंशांसाठी ही वेळ दुपारी बाराच्या आसपास येते. त्या क्षणी फीडहॉर्नची (डिशसमोर बसवलेल्या, सिग्नल गोळा करणाऱ्या भागाची) सावली डिशच्या मध्यावर पडली पाहिजे. ती बाजूला पडली तर डिशही तितकीच बाजूला आहे.

सर्व जुळल्यावर नवीन सेटिंग्ज तारखेसह वेगळ्या फाइलमध्ये जतन करावीत. जुनी फाइल उपग्रहांच्या यादीसाठी ठेवण्यास हरकत नाही, मात्र तिच्या नावातच ‘जुना एन्कोडर’ असे लिहावे, म्हणजे रात्रपाळीचा मुलगा वीज गेल्यानंतर चुकून तीच भरणार नाही.