इराण आणि इस्रायल एकेकाळी मित्र होते, मग एकमेकांच्या जिवावर का उठले?

१९७९ ची इस्लामी क्रांती, हे याचं ठरलेलं उत्तर. मला ते अर्धंच पटतं.

मुळात मैत्री प्रेमापोटी नव्हतीच. १९४७ साली संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाइनच्या फाळणीच्या ठरावाविरुद्ध इराणने मत दिलं होतं. पण पुढे अरब ऐक्याचा नेता नासर याचा इजिप्त आणि मग इराक दोघांनाही सलू लागले. अरबांच्या वेढ्यापलीकडच्या बिगर-अरब देशांशी संधान बांधायचं हे इस्रायलचे पंतप्रधान बेन-गुरियन यांचं धोरण इराणच्या राजालाही, म्हणजे शहालाही, सोयीचं होतं. शहाची गुप्तचर संघटना साव्हाक आणि इस्रायलची मोसाद यांचं गुळपीठ होतं. १९६७ च्या युद्धात सुएझ कालवा बंद पडल्यावर इराणचं तेल इस्रायलच्या तांबड्या समुद्रावरच्या एलात बंदरात उतरून पाइपलाइनने भूमध्य समुद्रावरच्या अश्केलोनला जाऊ लागलं. पाइपलाइन दोघांच्या भागीदारीतली. (त्या पैशांचा दावा अजून मिटलेला नाही. सुमारे १.१ अब्ज डॉलर इराणला द्या, असा निकाल स्वित्झर्लंडच्या न्यायालयाने २०१६ मध्ये इस्रायलविरुद्ध दिला!)

क्रांतीनंतर तिचे नेते खोमेनी यांनी संबंध तोडले, तेहरानमधली इस्रायलची कचेरी पीएलओ या पॅलेस्टिनी संघटनेच्या हवाली केली. तेवढ्यावर सगळं संपायला हवं होतं, पण १९८० मध्ये इराकच्या सद्दामने इराणवर हल्ला केला आणि इस्रायलने त्याच खोमेनींच्या राजवटीला शस्त्रं पुरवली. इस्रायलच्या नावाने रोज खडे फोडणाऱ्यांनी ती घेतलीही. इराकची ओसिराक अणुभट्टी उडवायचा पहिला प्रयत्न सप्टेंबर १९८० मध्ये इराणी विमानांनी केला. जून १९८१ मध्ये इस्रायलने ती उद्ध्वस्त केली.

लेबनॉनमध्ये १९८२ पासून ठिणग्या उडत होत्या, इराणच्या पाठबळावरची हिजबुल्ला ही सशस्त्र संघटना तिथलीच. तरी माझ्या मते खरी फूट पडली १९९१ मध्ये. कुवेतच्या युद्धात सद्दामचं कंबरडं मोडलं, त्याच वर्षी सोव्हिएत संघ कोसळला. ज्यांच्या भीतीने एकमेकांना सांभाळून घ्यायचं, तेच उरले नाहीत. त्याच वर्षीच्या माद्रिदच्या अरब-इस्रायल शांतता परिषदेला इराणला बोलावणंही नव्हतं. मग इस्रायल आणि पीएलओ यांच्यातला ऑस्लो शांतता करार उधळायला निघालेल्या पॅलेस्टिनी गटांना त्याने बळ दिलं. इकडे इस्रायलचं राबिन सरकार इराणला सर्वांत मोठा धोका म्हणू लागलं. इराणच्या अणुकार्यक्रमाचा वाद चिघळला तो त्यानंतर.

पुढची तीसेक वर्षं दोघं इतरांच्या आडून आणि चोरून लढले. एप्रिल २०२४ मध्ये इराणने पहिल्यांदाच स्वतःच्या भूमीवरून इस्रायलवर क्षेपणास्त्रं डागली, आणि जून २०२५ मध्ये बारा दिवसांचं उघड युद्ध झालं.